हात न लावता पहिली गिटार कशी निवडावी

गिटार ही खरं तर मांडीवर घेऊन, दोन-चार तारा छेडून, नेकवरून, म्हणजे लांब दांड्यावरून, हात फिरवून घ्यायची वस्तू. ऑनलाइन दुकानात यातलं काहीच करता येत नाही. समोर एक चकचकीत फोटो असतो, खाली दहा-बारा ओळींची माहिती आणि त्याखाली ‘कार्टमध्ये टाका’चं बटण. त्यामुळे एरवी बोटं आणि कान जे काम करतात, ते इथे दोन टप्प्यांत करावं लागतं. अर्धं काम ऑर्डर देण्याआधी, माहितीची ओळन् ओळ वाचून. उरलेलं अर्धं पार्सल आल्यावर, परत पाठवायची मुदत संपायच्या आत. ब्रँड, रंग, सोबत फुकट मिळणारी पिशवी या गोष्टींचा विचार त्यानंतर केला तरी चालतो.

आधी तारा ठरवा

‘अकूस्टिक गिटार’ असं शोधलं की दोन निरनिराळी वाद्यं एकाच रांगेत दिसतात. एक नायलॉन तारांची क्लासिकल गिटार आणि दुसरी स्टीलच्या तारांची. फोटोत ती ओळखायची सोपी खूण म्हणजे ब्रिज. तारा जिथे खाली अडकवलेल्या असतात तिथे सहा छोट्या पिना दिसल्या तर बहुतेक वेळा ती स्टीलची. तारांच्या गाठी मारलेल्या दिसल्या तर नायलॉनची. खुंट्यांच्या जागी लांबट खाचा दिसतात म्हणून ती क्लासिकल, असं मात्र धरून चालू नका. काही स्टीलच्या गिटारलाही तशा खाचा असतात.

क्लासिकल गिटारचा आजचा आकार एकोणिसाव्या शतकात स्पेनच्या अंतोनियो दे तोरेसने घडवला. तेव्हा तिला आतड्याच्या तारा असत. नायलॉन आलं ते १९४० च्या दशकात. तिची नेक नटपाशी, म्हणजे खुंट्यांजवळच्या खाचा असलेल्या पट्टीपाशी, साधारण ५२ मिलिमीटर रुंद असते, तर स्टीलच्या गिटारची ४३ ते ४४. आठ-नऊ मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण एकाच बोटाने सहाही तारा दाबायची वेळ आली की तेवढ्या फरकाने मनगट बोलायला लागतं.

गाण्याला साथ म्हणून कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, वाजवायच्या असतील तर स्टील घ्या. बोटांनी एकेक स्वर उलगडत वाजवायची आवड असेल तर नायलॉन. ‘बोटं दुखत नाहीत म्हणून नवशिक्याने नायलॉनच घ्यावी’ हा सल्ला सरसकट दिला जातो, आणि तो अर्धाच खरा आहे. तारा मऊ असतात हे खरं, पण रुंद नेक लहान हातांना जड जाते. स्टीलने बोटांची टोकं दुखतात तीही काही आठवडेच. त्यानंतर तिथली कातडी निबर होते.

एक चूक मात्र महागात पडते. नायलॉनच्या गिटारला कधीही स्टीलच्या तारा लावू नका. नेहमीच्या स्टीलच्या सहा तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या पुढे जातो. नायलॉनचा असतो चाळीसच्या आसपास. त्या ताणाने ब्रिज उखडतो, नाहीतर वरची फळी फुगते. तारांचं पाकीट मागवताना घाईत नेमकी हीच गफलत होते, कारण दोन्ही पाकिटांवर ‘अकूस्टिक गिटारसाठी’ असं लिहिलेलं असू शकतं.

इंचांचा अर्थ

वर्णनात ३८ इंच, ३९ इंच, ४१ इंच असे आकडे दिसतील. ही गिटारची एकूण लांबी झाली. तिच्यावरून वाद्य अंगाशी कसं बसेल ते कळत नाही. ते कळतं बॉडीच्या रुंदीवरून आणि जाडीवरून.

सगळ्यात जास्त विकला जाणारा आकार म्हणजे ड्रेडनॉट. नाव आलंय १९०६ साली पाण्यात उतरलेल्या ‘ड्रेडनॉट’ या ब्रिटिश युद्धनौकेवरून, आणि मार्टिन कंपनीने या आकाराची पहिली गिटार बनवली १९१६ मध्ये. नावाप्रमाणेच ती अंगाने भरलेली. खालच्या बाजूला जवळजवळ ४० सेंटिमीटर रुंद, सुमारे १२ सेंटिमीटर जाड. आवाज मोठा, खर्ज भरपूर. पण छोट्या चणीच्या माणसाचा उजवा खांदा तिच्यावर हात टाकताना वर उचलला जातो आणि अर्ध्या तासात पाठ भरून येते.

हे घरबसल्या तपासता येतं. साधारण ४० बाय १२ सेंटिमीटरचं पुठ्ठ्याचं खोकं मांडीवर उभं धरा, त्यावरून उजवा हात टाका आणि दहा मिनिटं काहीतरी बघत बसा. खांदा दुखला तर कॉन्सर्ट, ऑडिटोरियम किंवा ओएम नावाचे कंबर बारीक असलेले आकार बघा. हा प्रयोग करणाऱ्याला घरचे हसतात, पण परतीच्या कुरिअरपेक्षा ते परवडतं.

‘स्केल लेंथ’ हा आकडा दिलेला असेल तर तोही बघा. नट ते सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) ही तारेची वाजणारी लांबी. ड्रेडनॉटची ती साधारण ६४५ ते ६५० मिलिमीटर असते. हीच लांबी ६३० च्या आसपास असेल तर त्याच सुरात तारांवरचा ताण थोडा कमी पडतो, बोटांना कमी जोर लागतो आणि फ्रेटमधलं, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांमधलं, अंतरही किंचित आवळतं. लहान मुलांसाठी घेत असाल तर तीन-चतुर्थांश किंवा अर्ध्या मापाची घ्या. ‘पुढे मूल मोठं होईल तेव्हा उपयोगी पडेल’ म्हणून मोठी गिटार घेतली की मूल गिटार सोडतं.

लाकडाची भाषा

इथे दुकानाची भाषा जरा तिरकी असते. ‘सॉलिड स्प्रूस टॉप’ असं लिहिलं असेल तर वरची फळी अखंड लाकडाची आहे. नुसतं ‘स्प्रूस टॉप’ किंवा ‘सिलेक्ट स्प्रूस’ असेल तर ती पातळ थर चिकटवून केलेली, म्हणजे लॅमिनेट आहे असं समजा. ‘सॉलिड’ हा शब्द ज्यांच्याकडे असतो ते तो ठळक अक्षरांत लिहितात. जिथे तो नाही, तिथे विसरून राहिला असेल अशी आशा धरू नका.

आवाज मुख्यत्वे वरच्या फळीच्या कंपनातून येतो. म्हणून पैसे थोडे वाढवायचे असतील तर सॉलिड टॉपवर वाढवा. मागची आणि बाजूची फळी महोगनीची की रोझवुडची की सपेलीची, यावर पहिल्या गिटारच्या बाबतीत झोप उडवायचं कारण नाही. आणि लॅमिनेट म्हणजे वाईट, असंही नाही. हवेतल्या दमटपणाचे आणि कोरडेपणाचे चढउतार ती जास्त सोसते. गिटार कोपऱ्यात टेकवून ठेवायची सवय असलेल्या घरात हा गुणच म्हणायचा.

पार्सल आल्यावर फळीची खात्री साउंडहोलच्या, म्हणजे मधल्या गोल भोकाच्या, काठावर करता येते. वरच्या पृष्ठभागावरच्या लाकडाच्या रेषा काठावरून खाली, फळीच्या जाडीत तशाच उतरत असतील तर ती सॉलिड. काठात आडवे थर दिसले तर लॅमिनेट. काठावर रंग किंवा पट्टी असेल तर हे कळत नाही, तेव्हा दुकानाला लेखी विचारावं.

फ्रेटबोर्ड, म्हणजे फ्रेट बसवलेली नेकवरची फळी, रोझवुडचा नसेल तर गिटार हलक्या प्रतीची, असा एक जुना समज आहे. जानेवारी २०१७ मध्ये वन्यजीव-वनस्पती व्यापाराच्या साइटिस करारात रोझवुडच्या साऱ्या जातींवर निर्बंध आले. सीमेपार गिटार पाठवायला कागदपत्रं लागू लागली आणि बऱ्याच कंपन्या दुसऱ्या लाकडांकडे वळल्या. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट मिळाली, पण लॉरेल, पाऊ फेरो, अक्रोड ही लाकडं टिकून राहिली. ती चांगली काम देतात. ब्राझिलियन रोझवुडला मात्र ही सूट नाही. परदेशातून जुनी गिटार मागवताना वर्णनात हे नाव दिसलं तर परवान्याची चौकशी आधी करा.

ॲक्शन: कुठेच न लिहिलेला आकडा

फ्रेटपासून तारेपर्यंतच्या उंचीला ॲक्शन म्हणतात. ती बाराव्या फ्रेटवर मोजतात. स्टीलच्या गिटारला जाड तारेखाली साधारण अडीच मिलिमीटर आणि बारीक तारेखाली दोनच्या आसपास असली की हाताला बरी लागते. नायलॉनला चार आणि तीन हे आकडे नेहमीचे. कारखान्यातून निघालेल्या स्वस्त गिटारी बऱ्याचदा याहून उंच असतात, कारण तार उंच ठेवली की ती फ्रेटवर घासून करकरत नाही आणि तक्रार येत नाही. त्रास होतो तो शिकणाऱ्याच्या बोटांना.

माझ्या पहिल्या गिटारवर एफ कॉर्ड कितीतरी महिने वाजली नाही. बोटात जोर नाही, सराव कमी पडतो, असं मीही मानलं आणि शिकवणारेही तेच म्हणाले. शेवटी एका कारागिराने नटच्या खाचा कानशीने जेमतेम केसभर खोल केल्या आणि त्याच संध्याकाळी एफ वाजली. दोष नटचा होता. पहिल्या फ्रेटवर तार दाबायलाच जड जात असेल तर नट उंच आहे. वर सरकताना, पाचव्या-सातव्या फ्रेटपुढे जास्त जड होत जात असेल तर सॅडल उंच आहे. हा फरक नवशिक्याला कोणी सांगत नाही.

म्हणून ऑर्डरआधी दुकानाला दोन प्रश्न लिहून पाठवा. पाठवण्याआधी सेटअप करून देता का, म्हणजे तारांची उंची आणि नेकचा बाक नीट लावून देता का? आणि बाराव्या फ्रेटवर ॲक्शन किती असेल? नेमका आकडा, किंवा ‘आमचा माणूस बघून कळवतो’ असं उत्तर आलं तर दुकानात वाद्य समजणारं कोणीतरी आहे. ‘ब्रँडेड आहे, काळजी करू नका’ असं आलं तर तिथे खोकी हलवणारेच आहेत. दुसऱ्या प्रकारच्या दुकानातूनही घेता येते, पण मग सेटअपचा खर्च गिटारच्या किमतीत आधीच धरा.

स्टीलच्या गिटारमध्ये ट्रस रॉड आहे ना, तेही वाचा. नेकच्या आतली ही सळई तारांच्या ताणाने येणारा बाक आवरते. ॲक्शन कमी करायला ट्रस रॉड पिळायचा, असं अनेक जण सांगतात. पण तो बाक दुरुस्त करायला असतो. उंची कमी करायला सॅडल घासतात. क्लासिकल गिटारमध्ये तो सहसा नसतोच आणि तिथे त्याची गरजही नसते.

वर्णनात ‘इलेक्ट्रो-अकूस्टिक’ असलं की गिटारमध्ये पिकअप (आवाज स्पीकरपर्यंत नेण्यासाठी टिपणारं उपकरण), बॅटरी आणि बॉडीला पाडलेलं एक चौकोनी भोक आलं. स्टेजवर उभं राहायचं नसेल तर त्यात पैसे घालू नका. पिकअप पुढेही बसवता येतो. डावखुऱ्यांनी मात्र ‘लेफ्ट-हँडेड’ हा शब्द शोधूनच घ्यावी. पिना असलेल्या गिटारचा सॅडल तिरका बसवलेला असतो, त्यामुळे नुसत्या तारा उलट लावल्या की सूर बिघडतात.

दुकानाची परीक्षा

परतीचा नियम पूर्ण वाचा, मुख्य पानावरची ठळक ओळ पुरेशी नसते. मुदत ऑर्डरपासून मोजतात की हातात पडल्यापासून? परतीचं कुरिअर कोणाच्या खर्चाने? वाटेत मोडतोड झाली तर किती तासांत कळवायचं? आणि महत्त्वाचं म्हणजे, सुरात लावून वाजवली की ती ‘वापरलेली’ धरतात का? धरत असतील तर तो परतीचा नियम कागदापुरताच आहे. न वाजवता गिटारचा दोष कळायचा कसा?

अभिप्राय वाचताना पाच तारे वगळा. ‘आजच मिळाली, आवाज छान’ यातून काही हाती लागत नाही. दोन-तीन तारेवाले वाचा, त्यातही पॅकिंगचे फोटो टाकणारे आणि सहा महिन्यांनी परत येऊन लिहिणारे. व्हिडिओत ऐकलेला आवाज तज्ज्ञाच्या हाताचा, नव्या तारांचा आणि चांगल्या माइकचा असतो. एकाच माणसाने, एकाच खोलीत दोन मॉडेल वाजवलेला व्हिडिओ मिळाला तर तो हेडफोन लावून ऐका. त्यातून फरक कळतो.

नामांकित कंपन्यांच्या नकली गिटारी बाजारात आहेत. सगळीकडे एक भाव आणि एकाच ठिकाणी निम्मा, असं दिसलं की कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर अधिकृत विक्रेत्यांच्या यादीत ते दुकान आहे का ते बघा. विक्रेत्याकडून त्याच गिटारचा, अनुक्रमांक दिसेल असा फोटो मागा.

सोबतच्या वस्तू

‘गिटार, बॅग, पट्टा, पिक, कॅपो, तारा, सगळं एकत्र’ असा संच दिसला की संचाशिवाय तीच गिटार कितीला आहे ते आधी शोधा. फरक किरकोळ असेल तर वस्तूही किरकोळच असणार. माझ्या संचातली बॅग म्हणजे चेन लावलेली चादर होती.

पहिल्या दिवसापासून ट्यूनर, म्हणजे सूर बरोबर लागलाय का ते दाखवणारं यंत्र, लागतो. हेडस्टॉकला, म्हणजे खुंट्या असलेल्या टोकाला, चिमट्यासारखा लागणारा घ्या. तो लाकडाचं कंपन टिपतो, त्यामुळे खोलीत गोंगाट असला तरी चालतो. फोनवरचं ॲपही शांत खोलीत उत्तम. ट्यूनरवर ४४० हा आकडा (ए स्वराची हर्ट्झमधली प्रमाण कंपनसंख्या) दिसतोय ना, ते बघत जा. बटण चुकून दाबलं गेलं की तो ४३८ किंवा ४४२ होतो, आणि गिटार स्वतःशी सुरात पण इतरांशी बेसूर लागते.

पिक, म्हणजे तारा छेडायच्या छोट्या चकत्या, पाच-सहा, वेगवेगळ्या जाडीच्या. कॉर्ड झोडायला ०.५ ते ०.६ मिलिमीटरची, एकेक स्वर वाजवायला ०.७३ किंवा ०.८८ ची. हरवतात म्हणून जास्त घ्यायच्या. सोफ्याच्या फटी आणि साउंडहोल यांना त्या फार आवडतात.

तारांच्या पाकिटावरचे १०, ११, १२ हे सर्वांत बारीक तारेच्या जाडीचे आकडे, इंचाच्या हजाराव्या भागात. ड्रेडनॉटला बऱ्याचदा १२ च्या तारा लावून येतात. बोटांना ११ किंवा १० सोप्या जातात, आवाज थोडा पातळ होतो. ‘८०/२०’ म्हणजे ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त. नाव ब्राँझ असलं तरी रसायनशास्त्राप्रमाणे ते पितळच. तिचा आवाज सुरुवातीला खणखणीत असतो आणि लवकर मावळतो. फॉस्फर ब्राँझ जरा उबदार आणि जास्त टिकाऊ. हाताला घाम येत असेल तर कोटिंग असलेल्या तारांचे जास्तीचे पैसे वसूल होतात. एक जादा संच घरात असू द्या, तार तुटते ती नेमकी रात्री.

कॅपो, म्हणजे नेकवर सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, घेताना तो स्टीलच्या गिटारचा की क्लासिकलचा ते बघा. क्लासिकलचा फ्रेटबोर्ड सपाट आणि रुंद असतो, स्टीलचा किंचित गोलसर. चुकीचा कॅपो मधल्या नाहीतर कडेच्या तारा नीट दाबत नाही. पट्टा मागवण्याआधी फोटोत पट्ट्याची बटणं मोजा. बऱ्याच गिटारींना एकच, खालचं असतं. दुसरं टोक हेडस्टॉकला नाडीने बांधता येतं. स्वतः ड्रिल मारलंत तर वॉरंटी गेली.

बॅगेचं पॅडिंग किमान १० मिलिमीटर असावं, आणि बॅग तुमच्या गिटारच्या आकाराची असावी. पॉलिश, सफाई संच, शिकण्याची डीव्हीडी हे सोडून द्या. मऊ सुती फडकं पुरतं.

पार्सल आल्यावर

खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा, कुरिअरच्या लेबलपासून सुरुवात करून. बाहेर फार थंडी किंवा उकाडा असेल तर खोकं बंदच ठेवून काही तास खोलीत राहू द्या. एकदम तापमान बदललं की पॉलिशला तडे जाऊ शकतात.

तारा बहुधा सैल करून पाठवतात. सैल तारांचा आवाज ऐकून निकाल देऊ नका. आधी सावकाश सुरात लावा, जाड तारेपासून ई, ए, डी, जी, बी, ई. नव्या तारा पहिले काही दिवस सारख्या उतरतात. तो दोष नव्हे, त्या ताणल्या जातायत.

सुरात आली की उजेडात बघा. हेडस्टॉक नेकला जिथे मिळते तिथे आणि नेक बॉडीला जिथे बसते तिथे बारीक चीर आहे का? ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून पाहा. तो आत जात असेल तर ब्रिज सुटायला लागलाय. हेडस्टॉककडून एक डोळा मिटून नेकवरून नजर टाका. पुढे किंचित बाक असावाच, पीळ मात्र नसावा. पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर जाड तार दाबून धरली की सहाव्या-सातव्या फ्रेटपाशी पातळ व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल एवढी फट दिसायला हवी.

मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा. सहा तारा, वीस फ्रेट, १२० स्वर. कंटाळवाणं आहे, पण पंधरा मिनिटांत होतं. कुठे करकर येते, कुठे स्वर मरतो, ते कागदावर टिपा. शेवटी ट्यूनर लावून बाराव्या फ्रेटवर आधी तारेला नुसता स्पर्श करून हार्मोनिक वाजवा, मग तीच तार दाबून वाजवा. दोन्हींत काट्याचा फरक पाच सेंटपेक्षा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) बराच जास्त दिसला तर सूर जागेवर नाही.

चीर, सुटलेला ब्रिज, पिळलेली नेक, भलतंच मॉडेल यांपैकी काही निघालं तर त्याच दिवशी फोटोसकट कळवा. दुकान ‘थोडी सवलत देतो, ठेवून घ्या’ म्हणालं तरी ठेवू नका. ॲक्शन उंच, एखाद्या फ्रेटवर किंचित करकर, गंजल्या तारा, हे सेटअपमध्ये सुधारतं. दुकान तो खर्च देत असेल तर गिटार ठेवायला हरकत नाही. पण मुदतीत परत पाठवायचीच असेल तर आधी सॅडल घासून घेऊ नका. एकदा घासलेला सॅडल परत वाढत नाही आणि दुकान ती गिटार घेत नाही.

खोलीतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत राहिली तर लाकूड खूश असतं. छोटा आर्द्रतामापक बॅगेत टाकून ठेवता येतो. आणि खोकं, हेडस्टॉकखालच्या फोमच्या तुकड्यासकट, मुदत संपेपर्यंत पलंगाखाली राहू द्या.